ओमाहा-पोंका भाषेतील रोजचे शब्द: इंग्रजी अर्थावर किती विसंबावे?

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, ओमाहा शहरात राहणाऱ्या एका मराठी पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी चौथीत शिकते. राज्याच्या इतिहासाचा भाग म्हणून तिला ओमाहा-पोंका या तिथल्या मूळनिवासींच्या भाषेतील चाळीस शब्दांचा तक्ता मिळाला असून त्यात प्रत्येक शब्दासमोर त्याचा इंग्रजी अर्थ दिलेला आहे. घरी तिच्यासाठी तीन भाषांची पत्ते-कार्डे करावीत, म्हणजे मूळ शब्द, इंग्रजी आणि मराठी, असा त्यांचा विचार आहे. इंग्रजी अर्थाचे सरळ मराठी करून चालेल का, हे शब्द देवनागरीत कसे लिहावेत आणि एकच शब्द दोन ठिकाणी दोन स्पेलिंगांनी का सापडतो, अशी त्यांची विचारणा आहे.

मी शब्दकोशाच्या संपादनात बरीच वर्षे घालवली आहेत आणि सू भाषाकुलातील भाषांच्या शब्दनोंदी हा माझ्या अभ्यासाचा विषय राहिला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की चाळीसपैकी पंचवीसएक शब्दांच्या बाबतीत इंग्रजीवरून मराठी करण्याने काहीही बिघडणार नाही. पाण्याला ‘नी’, विस्तवाला ‘पेदे’, डोळ्याला ‘इंश्ता’, पायाला ‘सी’, गवताला ‘पेझ़ी’ हे शब्द कोणत्याही वाटेने आले तरी सुखरूप पोहोचतात. उरलेल्या पंधरांत मात्र इंग्रजी हा मधला दलाल आहे आणि तो दोन्हीकडून कापून घेतो. गंमत अशी की त्यातील काही ठिकाणी मराठी ही मूळ भाषेला इंग्रजीपेक्षा अधिक जवळ जाते, तर काही ठिकाणी दोघीही सारख्याच तोकड्या पडतात.

आधी भाषेविषयी दोन शब्द. ओमाहा आणि पोंका या दोन स्वतंत्र जमाती आहेत, परंतु त्यांची भाषा एकच मानली जाते. उच्चारात आणि शब्दांत थोडा फरक आहे, तो एकमेकांचे बोलणे समजण्याच्या आड येत नाही. सू कुलाच्या ज्या शाखेला धेगिहा म्हणतात, तिच्यात ही भाषा येते; ओसेज, कान्सा आणि क्वापॉ या तिच्या सख्ख्या बहिणी. ओमाहांचे राखीव क्षेत्र नेब्रास्काच्या ईशान्येस मिसूरी नदीकाठी आहे, तर पोंका लोक नेब्रास्का आणि ओक्लाहोमा अशा दोन राज्यांत विभागले गेले आहेत. ही भाषा आईच्या मांडीवर शिकलेले लोक आज फार थोडे उरले असून ते बहुतेक वयोवृद्ध आहेत. तिचे शिक्षण शाळा-महाविद्यालयांतून जाणीवपूर्वक चालवले जात आहे. म्हणून चौथीतल्या मुलीच्या हातातील चाळीस शब्दांचा तक्ता ही गोष्ट मी किरकोळ समजत नाही.

स्पेलिंगच्या घोळाचे कारण ऐतिहासिक आहे. जेम्स ओवेन डॉर्सी हे १८७१ मध्ये धर्मप्रसारक म्हणून पोंकांकडे गेले, पुढे शासकीय मानववंशशास्त्रज्ञ झाले आणि त्यांनी ओमाहा व पोंका लोकांकडून ऐकलेल्या कथा व पत्रे १८९० आणि १८९१ मध्ये मोठ्या ग्रंथांत छापली. त्यांनी आपल्या लिपीत ‘श’ या ध्वनीसाठी रोमनमधले ‘सी’ हे अक्षर वापरले, ‘झ़’साठी (इंग्रजी ‘प्लेझर’ शब्दात मध्ये ऐकू येतो तो ध्वनी) ‘जे’ आणि घशातल्या ‘ख़’साठी ‘क्यू’. त्यामुळे ‘शोंगे’ हा साधा शब्द त्यांच्या पानावर ‘सी’ने सुरू होतो आणि अनभिज्ञ वाचक तो ‘कांगे’ असा वाचतो. नंतर मानववंशशास्त्रज्ञ ॲलिस फ्लेचर आणि स्वतः ओमाहा असलेले फ्रान्सिस ला फ्लेश यांनी १९११ मध्ये वेगळी पद्धत स्वीकारली. आजच्या शाळांची पद्धत आणखी वेगळी आहे. त्यातच या भाषेतील एक अनुनासिक स्वर ‘आं’ आणि ‘ओं’ यांच्या मधोमध उच्चारला जातो. जुने लेखक तो रोमन ‘ए’ या अक्षराने लिहीत, आजचे ओमाहा शिक्षक ‘ओ’ने लिहितात. दोन्ही स्पेलिंगे बरोबरच आहेत, फक्त ती वेगवेगळ्या माणसांच्या वहीतली आहेत. तुमच्या मुलीने तिच्या शाळेच्या तक्त्यातील स्पेलिंग कायम ठेवावे.

देवनागरीचा प्रश्न अधिक रंजक आहे, कारण इथे आपली लिपी रोमनपेक्षा पुष्कळ सरस ठरते. ओमाहात त, थ यांसारखा महाप्राणाचा भेद अर्थ बदलतो. इंग्रजी बोलणाऱ्याला तो कानाला पकडताच येत नाही, मराठी मुलाला मात्र तो जन्मापासून येतो. याखेरीज एक ताणून, दाबून उच्चारलेला त आहे, तो मी ‘त्त’ असा लिहितो. आणि एक त असा आहे की ज्याच्यानंतर घसा क्षणभर बंद होऊन सुटतो, तो त’ असा. आता जवळून पाहा: ‘त्ते’ म्हणजे बायसन, ‘थे’ म्हणजे उभ्या वस्तूच्या मागे लावायचे एक उपपद, ज्याविषयी पुढे सांगतो, आणि ‘त’ए’ म्हणजे मरणे. साध्या रोमन टंकलेखनात तिन्ही शब्द एकाच दोन अक्षरांत कोंबलेले मी पाहिले आहेत. जनावर, उपपद आणि मृत्यू यांचा असा गोंधळ करण्यापेक्षा देवनागरीत लिहिलेले बरे.

एका ठिकाणी मात्र सावध राहावे लागेल. रोमनमध्ये टी आणि एच ही जोडी दिसली की आपला हात आपोआप थ लिहितो. ओमाहाच्या आजच्या लेखनात ही जोडी थ नव्हे. जिभेचे टोक दातांना हलकेच लावून, ल आणि द यांच्या मधला जो मऊ ध्वनी निघतो, तो ही जोडी दाखवते. मराठीत तो नाही. ओमाहात आपला महाप्राण ध नसल्यामुळे ते अक्षर मोकळेच आहे, म्हणून मी तो ध्वनी ‘ध’ने दाखवतो, कार्डाच्या कोपऱ्यात तशी टीप लिहून ठेवावी. तसेच अनुस्वार हा इथे पूर्ण व्यंजन नसून स्वर नाकातून काढण्याची खूण आहे, कोकणातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात येतो तसा. तो गाळला तर अर्थ बदलतो: ‘ही’ म्हणजे दात आणि ‘हिं’ म्हणजे अंगावरचे केस. ‘नोंबा’ आणि ‘नोंबे’ या जोडीत नाक सारखेच वाजते, शेवटचा स्वर तेवढा वेगळा आहे. पहिला शब्द दोन या संख्येचा, दुसरा हाताचा.

आता अर्थांकडे वळू. तुमच्या तक्त्यात ‘त्ते’समोर बफेलो असे असणार, आणि त्याचे मराठी म्हैस असे केले की पहिल्याच कार्डावर घात झाला. अमेरिकेत ज्याला बफेलो म्हणतात तो बायसन आहे. आपल्याकडील प्राण्यांत त्याचा जवळचा नातलग गवा, गोठ्यातली म्हैस नव्हे. ओमाहांचे मांस, पांघरूण, तंबूचे कातडे आणि उन्हाळ्यातली सामुदायिक शिकार हे सारे या एका प्राण्याभोवती फिरत होते. पुढे गोऱ्या वसाहतकऱ्यांची गुरे आली तेव्हा त्यांना नाव मिळाले ‘त्तेस्का’, म्हणजे पांढरा त्ते. इंग्रजीत त्यासमोर काऊ लिहिलेले असते आणि ते चुकीचेही नाही; पण गाय हा पांढरा गवा आहे, ही नजर त्या इंग्रजी शब्दात कुठेच उतरत नाही.

घोड्याची कथाही तशीच आहे. ‘शोंगे’ म्हणजे आज घोडा. सू कुलातील इतर भाषांशी तुलना केली की लक्षात येते की हा मुळात कुत्र्याचा शब्द होता. लकोटा भाषेत आजही कुत्र्याला ‘शुंका’ म्हणतात आणि घोड्याला त्याच शब्दाला जोड देऊन बनवलेले नाव आहे. घोडा येण्यापूर्वी या लोकांचे सामान कुत्रे ओढत असत. नवे जनावर तेच काम अधिक जोमाने करू लागले आणि जुन्याचे नावही घेऊन बसले. बिचाऱ्या कुत्र्याला ओमाहात ‘शिनुदा’ हे वेगळे नाव घ्यावे लागले.

स्वयंपाकघरातील शब्द मला स्वतःला सर्वांत आवडतात. कॉफीला म्हणतात ‘मोंकों साबे’. मोंकों म्हणजे औषध, साबे म्हणजे काळे. तेव्हा कॉफी म्हणजे काळे औषध. साखर म्हणजे ‘झ़ोंनी’, शब्दशः लाकडाचे किंवा झाडाचे पाणी, कारण ऊस त्या भूमीत नाही आणि गोडी यायची ती मेपलसारख्या झाडांना खाच पाडून मिळणाऱ्या रसातून. व्हिस्की ‘पेदेनी’, म्हणजे विस्तवाचे पाणी. आपण चहा, कॉफी, बिस्किट, पाव हे पदार्थ नावांसकट उचलले; ओमाहांनी पदार्थ घेतला आणि नाव घरी बनवले. कोणती पद्धत चांगली, हा प्रश्न मी उपस्थित करत नाही, परंतु कार्डावर नुसते ‘कॉफी’ लिहिण्याऐवजी खाली बारीक अक्षरांत ‘काळे औषध’ असे लिहिल्यास मुलीला एका शब्दाच्या किमतीत तीन शब्द मिळतील.

मिठाचा शब्द तर मराठी माणसाने थांबून पाहण्याजोगा आहे. मीठ म्हणजे ‘निस्कीधे’. त्यात नी हे पाणी आणि स्कीधे म्हणजे गोड, चवदार. इंग्रजी वाचक इथे गडबडतो, कारण मीठ गोड कसे, हे त्याला कळत नाही. आपल्याला गडबडण्याचे कारण नाही. आपला ‘मीठ’ हा शब्दच संस्कृत ‘मिष्ट’ या गोड अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे आणि ‘मिठाई’ त्याचीच बहीण आहे. जगाच्या दोन टोकांना दोन भाषांनी खारट वस्तूला चवीच्या चांगुलपणावरून नाव दिले आहे, त्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नसताना. नेब्रास्काची राजधानी लिंकन येथून वाहणाऱ्या खाऱ्या ओढ्यालाही हेच ‘निस्कीधे’ नाव आहे. असेच साम्य पैशाच्या शब्दात आहे. ‘मोंज़े’ म्हणजे धातू, स्का म्हणजे पांढरे, आणि ‘मोंज़ेस्का’ म्हणजे चांदी व पैसा दोन्ही; आपला ‘रुपया’ही चांदीच्या ‘रूप्य’ या नावावरूनच आला आहे. तक्त्यात याचा अर्थ मनी दिलेला असेल. त्यातून हे काहीच दिसत नाही.

रंगांपैकी साबे काळा, स्का पांढरा, झ़ीदे लाल आणि ज़ी पिवळा हे सरळ आहेत. ‘त्तू’समोर मात्र कधी ब्लू तर कधी ग्रीन असे दिसते, आणि दोन्ही बरोबर आहे, कारण आकाश आणि गवत या दोघांनाही हा एकच शब्द चालतो. कार्डावर निळा आणि हिरवा असे दोन्ही लिहावे. तिथे कोणती छटा आहे हे वस्तूवरून कळते, त्यासाठी स्वतंत्र शब्दाची निकड त्या भाषेला भासली नाही.

‘बेअर’ या अर्थाचेही असेच दोन शब्द सापडतील. ‘वासाबे’ म्हणजे काळे अस्वल; त्यातला साबे तुम्ही ओळखलाच असेल. ‘मोंचु’ म्हणजे ग्रिझली, मोठे आणि भयंकर अस्वल. इंग्रजीने दोघांना एका पिंजऱ्यात घातले आहे. स्टँडिंग बेअर या नावाने नेब्रास्काच्या शाळांत शिकवले जाणारे पोंका नेते हे मूळ भाषेत ‘मोंचु नोंझ़िं’, म्हणजे उभा ठाकलेला ग्रिझली. १८७७ मध्ये पोंकांना त्यांच्या भूमीवरून हलवून आजच्या ओक्लाहोमात नेण्यात आले. तिथे मुलगा वारला तेव्हा त्याला आपल्या भूमीत पुरण्यासाठी हे नेते थोड्या लोकांसह परत निघाले आणि पकडले गेले. १८७९ च्या मे महिन्यात ओमाहा येथे न्यायाधीश एल्मर डंडी यांनी निकाल दिला की मूळनिवासी माणूस हा कायद्याच्या अर्थाने ‘व्यक्ती’ आहे व त्याला दाद मागता येते. तुमच्या तक्त्यात ‘नीआशिंगा’ हा शब्द असण्याची शक्यता आहे, अर्थ पर्सन. या लोकांच्या भाषेत माणसाला माणूस म्हणणारा शब्द आधीपासून होता; कायद्याच्या इंग्रजीला तो मान्य करायला १८७९ उजाडले. चौथीच्या अभ्यासक्रमात हा खटला असेल तर ही दोन कार्डे शेजारी ठेवावीत.

आता नात्यांकडे. येथे मी तुम्हाला आग्रहाने सांगतो की इंग्रजी रकाना झाकून ठेवा. माझ्या स्वतःच्या पहिल्या नोंदवहीत ‘इनेगी’समोर इंग्रजी अंकल वाचून मी ‘काका’ असे लिहिले होते आणि ते कित्येक महिने तसेच राहिले. इनेगी म्हणजे मामा. फक्त मामा, काका कधीही नव्हे. वडिलांच्या भावाला ओमाहात वडिलांचाच शब्द लावतात आणि आईच्या बहिणीला आईचाच. मराठीत मावशी हा वेगळा शब्द असला तरी ‘माय मरो पण मावशी जगो’ म्हणणाऱ्या समाजाला ती दृष्टी परकी वाटू नये. आत्येला मात्र ‘इत्तीमी’ हा स्वतंत्र शब्द आहे. म्हणजे आई, वडील, मामा आणि आत्या अशी ही चौकट आहे, आणि इंग्रजीतल्या अंकल-आंटीपेक्षा ती आपल्या घराला कितीतरी जवळची आहे.

पण इथेच एक वळण येते आणि तेथे मराठी वाचकही अडखळतो. मामाच्या मुलाला ओमाहात काय म्हणायचे? तोही इनेगीच. तो तुमच्याहून वयाने लहान असला तरी मामाच. आणि मामाच्या मुलीला म्हणायचे आई. कारण ती व्यवस्था वयाची पिढी पाहत नाही, कुळ पाहते: आईच्या माहेरच्या कुळातील आजोबा-आजींच्या खालच्या पिढ्यांतले पुरुष ‘मामा’ आणि स्त्रिया ‘आई’. मानववंशशास्त्रात या पद्धतीला नावच ‘ओमाहा पद्धती’ असे पडले आहे, आणि जगात इतरत्र अशी व्यवस्था आढळली तरी ती याच नावाने ओळखली जाते. आता विचार करा की महाराष्ट्रात अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची चाल होती आणि काही ठिकाणी आजही आहे. इरावती कर्वे यांनी तिचा सविस्तर विचार केला आहे. आपल्याकडे ‘मामाची मुलगी’ म्हटल्यावर जो सूचक हशा पिकतो, तो ओमाहा घरात पिकणार नाही. तिथे ती आई आहे, आणि आईच्या कुळात लग्न करणे निषिद्ध. कझिन या इंग्रजी शब्दाने हे दोन्ही टोकांचे जग एकाच थैलीत भरले आहे.

भावंडांच्या शब्दांत आणखी एक बारकावा आहे. दादा आणि धाकटा भाऊ यांत फरक करण्याची सवय आपल्याला आहे. तिथे बोलणारा पुरुष आहे की स्त्री, हेही पाहतात. पुरुष आपल्या थोरल्या भावाला ‘विझ़िंधे’ म्हणेल, त्याची बहीण त्याच माणसाला ‘वित्तीनु’ म्हणेल. त्या शब्दांच्या आरंभीचा ‘वि’ म्हणजे माझा. ‘विकों’ माझी आजी, ‘धिकों’ तुझी आजी, ‘इकों’ त्याची किंवा तिची आजी. तक्त्यात ‘इकों’समोर नुसते ग्रँडमदर असेल, पण त्याचा नेमका अर्थ ‘त्याची आजी’ असा आहे. नाते हे कुणाचे तरी असतेच, ते हवेत लोंबकळत नाही, असा त्या व्याकरणाचा हिशोब आहे. मुलीने आपल्या आजीविषयी सांगताना ‘विकों’ म्हणावे, तक्त्यातला ‘इकों’ घेऊ नये.

वर मी ‘थे’ या उपपदाचा उल्लेख केला होता. इंग्रजीत जिथे सर्वत्र एकच ‘द’ लागतो आणि मराठीत काहीच लागत नाही, तिथे ओमाहा-पोंकात वस्तू कशी आहे ते पाहून उपपद निवडावे लागते. उभ्या वस्तूला किंवा रचून ठेवलेल्या ढिगाला ‘थे’, आडव्या लांबट वस्तूला ‘खे’, गोलसर वस्तूला ‘धों’, इकडेतिकडे विखुरलेल्यांना ‘गे’. सजीव असेल तर बसलेल्याला ‘धिंखे’, उभ्याला ‘थों’, आणि याखेरीजही काही. लाकडाला ‘झ़ों’ म्हणतात हे तुम्हाला साखरेवरून माहीत झाले. ‘झ़ों खे’ म्हटले की डोळ्यांसमोर आडवा पडलेला ओंडका येतो, ‘झ़ों थे’ म्हटले की रचलेली मोळी, आणि ‘झ़ों गे’ म्हटले की अंगणभर पसरलेल्या काटक्या. लाकूड तेच. घर म्हणजे ‘त्ती’, ते उभे असते म्हणून ‘त्ती थे’. नदी ही आडवे पसरलेले पाणी म्हणून ‘नी खे’. टोपी ‘वाधागे’, ती गोल म्हणून ‘वाधागे धों’. मराठीत आपण ‘मोळी’, ‘ढीग’, ‘रास’, ‘कांब’, ‘जुडी’ असे शब्द वापरून थोडेसे असे काही करतो, परंतु ते ऐच्छिक आहे. तिथे बोलणाऱ्याला वस्तूकडे पाहिल्याशिवाय वाक्य पुरे करता येत नाही. हे उपपद इंग्रजी रकान्यात उतरतच नाही, आणि म्हणून शब्दांचे तक्ते ते बहुधा गाळतात. मला विचाराल तर चाळीसांतील पाच शब्द कमी करावेत आणि त्यांच्या जागी यांतली पाच उपपदे घ्यावीत. घरातली वाटी, लाटणे, पसरलेले खेळ आणि बसलेली मांजर दाखवून ती एका संध्याकाळी शिकवून होतात.

क्रियापदांबाबत एवढेच ध्यानात ठेवावे की तक्त्यातील ‘धाथे’ हा शब्द ‘खाणे’ असा दिलेला असला तरी तो खरे म्हणजे ‘तो खातो, ती खाते’ असा आहे. ‘मी खातो’ म्हणायचे तर ‘ब्धाथे’, ‘तू खातोस’ तर ‘नाथे’. आपण शेपूट बदलतो, ते तोंड बदलतात. कशाने केले हेही शब्दाच्या तोंडाशीच कळते: सुरीने कापले तर ‘मासे’, दाताने तोडले तर ‘धासे’, घाव घालून तोडले तर ‘गासे’. तक्त्यात कट हा एकच अर्थ देऊन यांतला कोणताही एक शब्द ठेवलेला असू शकतो, आणि मुलीने सफरचंद खाताना तो वापरला तर ऐकणारे हसतील.

आज्ञार्थाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण तो सर्वांत व्यवहाराचा आहे. ‘ग्धिं’ म्हणजे बसणे, ‘नोंझ़िं’ म्हणजे उभे राहणे, ‘मोंधिं’ म्हणजे चालणे. ‘बस’ अशी आज्ञा करताना पुरुष म्हणतो ‘ग्धिं गा’ आणि स्त्री म्हणते ‘ग्धिं आ’. मराठीतही ‘मी जातो’, ‘मी जाते’ यावरून बोलणारा कोण ते कळते, त्यामुळे कल्पना नवी नाही. पण आपल्या कानाला ‘गा’ हा ‘गं’सारखा लागतो आणि आपण समजतो की समोर बाई आहे. तिथे तो समोरच्याविषयी काहीच सांगत नाही, तो बोलणाऱ्याच्या पुरुषपणाची खूण आहे. शब्दतक्त्यांत पुष्कळदा पुरुषी रूप तेवढे दिलेले असते, कारण एकोणिसाव्या शतकात नोंदी करणारे पुरुष होते आणि त्यांना सांगणारेही बहुतांशी पुरुषच. तुमच्या मुलीने वर्गात मोठ्या आवाजात ‘ग्धिं गा’ म्हटले तर ती आजोबांसारखी बोलल्यासारखे होईल. तिला ‘ग्धिं आ’ शिकवा.

संख्यांपैकी ‘नोंबा’ दोन, ‘धाब्धिं’ तीन, ‘दुबा’ चार, ‘सात्तों’ पाच आणि ‘शापे’ सहा या निमूटपणे पाठ कराव्या लागतात. पुढे ‘पेधोंबा’ सात आणि ‘पेधाब्धिं’ आठ. त्यांच्या पोटात दोन आणि तीन ऐकू येतात, तेवढा आधार पाठांतराला पुरतो.

नकाशावरचे शब्द मात्र गाडीत बसल्याबसल्या शिकता येतील. प्लॅट नदीला ओमाहा लोक ‘नी ब्धास्का’ म्हणत, म्हणजे सपाट, पसरट पाणी. राज्याचे नाव याच शब्दातून, किंवा शेजारच्या ओटो लोकांच्या याच अर्थाच्या जोडशब्दातून आले आहे. नायोब्रारा नदी ‘नी उब्धाधा’, म्हणजे पसरत जाणारे पाणी. मिसूरी ‘नीशुदे’, म्हणजे धुरकट पाणी. पावसाळ्यातली आपली गढूळ गोदावरी पाहिलेल्या माणसाला तो शब्द समजावून सांगावा लागणार नाही. आणि तुम्ही राहता त्या शहराचे नाव मुळात ‘उमोंहों’, प्रवाहाच्या उलट दिशेने, वरच्या अंगाला जाणारे लोक. त्यांच्यातून फुटून खालच्या अंगाला गेलेले ते क्वापॉ, ज्यांच्या नावाचा अर्थच प्रवाहाबरोबर खाली गेलेले असा आहे.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे की मुलीने वर्गात बोलण्याची सुरुवात तक्त्यातील पहिल्या शब्दाने, म्हणजे ‘अहो’ने करावी का. हा शब्द नमस्कारासारखा आणि संमतीसारखा वापरला जातो, पण तोही पुरुषांच्या तोंडचा आहे. घरी आई बाबांना ‘अहो’ म्हणते हे ऐकून ती खुदकन हसेल, तेवढे हसू द्यावे. वर्गात मात्र तिने तो टाळावा, आपले नाव सांगून कार्डे दाखवावीत आणि शेवटी ‘विब्धाहों’ म्हणावे. त्याचा अर्थ ‘मी तुझे आभार मानते’ असा होतो, त्यातला मी आणि तू शब्दातच मुरलेला आहे, आणि तो स्त्रीने म्हणा की पुरुषाने, बदलत नाही.